एकदाच विचारणारी बहीण

इरावतीच्या राजसचं बारसं झालं ते दोन हजार बावीस साल. त्या बारशासाठीच तिची आई विजयालक्ष्मी सोलापूरहून परदेशात, डब्लिनच्याही पलीकडच्या कासलबारला आली होती. तीन महिन्यांचा व्हिसा, आणि दोन बॅगा भरून शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, मेतकूट आणि बाळाची दुपटी. इरावती तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर. जावई देवदत्त घरात बसूनच कंपनीचं काम करायचा. थोरली निहारिका नऊ वर्षांची. आजीचं सगळं मराठी तिला कळायचं, पण उत्तर तिथल्या इंग्रजीत यायचं, आणि तेही सुरात. विजयालक्ष्मी म्हणायची, ही पोर बोलते का गाते तेच उमगत नाही.

देवदत्तनं बाजारातून पाळणा म्हणून जे आणलं ते बॅटरीवर आपोआप हलणारं होतं. विजयालक्ष्मीनं आधी त्याची बॅटरी काढायला लावली. "मग बायका कशाला बोलावल्यात," म्हणाली. दवाखान्यातल्या दोघी-तिघी मराठी डॉक्टर बायका आल्या, त्यांनी पाळणा हातानं हलवला, नाव ठेवलं, जेवणं झाली. मग विजयालक्ष्मीनं घुगऱ्यांचं पातेलं पुढं ओढलं आणि कागदी पेले भरायला घेतले.

"आई, हे कुणाला?"

"शेजाऱ्यांना. बारशाच्या घुगऱ्या गल्लीत वाटायच्या नाहीत तर काय करायच्या?"

"इथं असं दारात जाऊन उभं राहत नाहीत गं. आधी मेसेज करतात."

"हरभरे द्यायला मेसेज," विजयालक्ष्मी म्हणाली, आणि चपला घालून निघाली.

गल्ली म्हणजे एका वळणावर गेलेली सारख्या तोंडाची घरं. कुणी दार उघडलं नाही, कुणी उघडून पेला घेतला आणि फार छान फार छान म्हणत लावून घेतलं. अगदी शेवटच्या घरात एक उंच, जरा पोक आलेला म्हातारा होता. चौकड्यांचा शर्ट, पायात लोकरीचे मोजे. त्यानं पेल्यातले हरभरे पाहिले, बाळाचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं, आणि म्हणाला, "आत या, चहा घेऊन जा."

"नको, घरी काम पडलंय," विजयालक्ष्मी म्हणाली.

"घोटभर."

"नको नको, आता जेवण झालं."

"पाणी उकळलेलंच आहे," म्हातारा दारातून बाजूला होत म्हणाला, "तुम्ही गेलात तर ते वाया जाईल."

विजयालक्ष्मी आत गेली. खुर्चीवर टेकता टेकता तिला वाटलं, इतक्या लांब येऊन शेवटी एक माणूस रीतभात असलेला भेटला.

तिचं इंग्रजी दवाखान्यातलं होतं. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात सगळी नोकरी सिस्टर म्हणून काढलेली बाई. कुठं दुखतंय, कधीपासून, घाबरू नका, एवढ्यावर तिनं अर्धा जिल्हा बरा केलेला. अडलं तर हात होतेच. म्हाताऱ्याचं नाव लॉइड. बायको ब्रीड चार वर्षांपूर्वी गेलेली. मूलबाळ नाही. बोलता बोलता तो म्हणाला, "मी इथला नव्हे. मी अमेरिकन."

विजयालक्ष्मीचा कप हातातच राहिला. कारण अमेरिका तिनं पाहिली होती. तिचा थोरला मुलगा शशिकांत डॅलसला असतो, त्याच्याकडे ती महिनाभर राहून आली होती. तिथं शेजारच्या भल्या कुटुंबानं एकदा सगळ्यांना जेवायला बोलावलं. टेबलावर अन्न मावत नव्हतं. यजमानीण वाडगा घेऊन आली, बटाटे वाढू का म्हणाली. विजयालक्ष्मी रीतीप्रमाणे नको म्हणाली. वाडगा जो पुढच्या माणसाकडे गेला तो परत आला नाही. भात तसाच गेला, गोड तसंच गेलं. यजमानीण अगदी प्रेमळ बाई, तिच्या मनात काही खोट नव्हती. पाहुणी नको म्हणते आहे, तिला कशाला त्रास द्या, एवढाच तिचा हिशोब. घरी येऊन विजयालक्ष्मीनं उभ्याउभ्या दहीभात खाल्ला होता, आणि शशिकांत हसून हसून लोळला होता.

तिनं ही हकीकत लॉइडला सांगितली. तो इतका हसला की डोळे पुसावे लागले.

"माझं बरोब्बर उलटं झालं," तो म्हणाला.

मग ते सांगायला तिला पुन्हा बोलवावं लागलं, आणि ती पुन्हा धपाटे घेऊन गेली. आठ-पंधरा दिवसांत ही रीतच पडली. दुपारी बाळ झोपलं की विजयालक्ष्मी शेवटच्या घराकडे. सोलापुरात वडीलधाऱ्या माणसाला अण्णा म्हणतात, म्हणून ती त्याला लॉइडअण्णा म्हणायला लागली. त्याचा अर्थ कळल्यावर त्यानं तो शब्द भिंतीवरच्या घड्याळाखाली इंग्रजीत लिहून चिकटवला. तो तिला मिसेस विजया म्हणायचा. पूर्ण नाव त्याच्या जिभेवरून अर्ध्यातच घसरायचं.

लॉइड पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या खाणीच्या गावचा. बाप खाणीत. घरात बोलणं कमी आणि सरळ. हवंय का? हो. नाही. संपलं. बाप दुसऱ्यांदा विचारत नसे, आणि दुसऱ्यांदा विचारायला लावणाऱ्याला मूर्ख समजे. पुढं लॉइडला ब्रीड भेटली, ती तिकडे नर्स म्हणून आलेली. तिच्या आईचं दुखणं निघालं तेव्हा दोघं इकडे आले ते राहिलेच. त्याला चाळीस वर्षं झाली.

"आल्या आल्या ब्रीडच्या माणसांकडे जेवणं झाली," लॉइड सांगायचा. "त्यांनी विचारलं, अजून वाढू? मी म्हटलं, हो. सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. बरं, आमच्याकडे कुणी आलं, मी चहा विचारला, ते नको म्हणाले, की मी बरं म्हणून गप्प. ब्रीडची मावशी एवढ्या पावसात लांबून चालत आली होती. नको म्हणाली. मी तिला तशीच परत पाठवली. वर्षभर गावात हेच, ब्रीडचा यँक चिकट आहे. अमेरिकन माणसाला इथं यँक म्हणतात."

"मग?"

"मग ब्रीडनं मला बसवून शिकवलं. पहिलं नाही हे रीतीचं. दुसरं सवयीचं. तिसऱ्यांदा विचारलंस की जे येईल ते खरं."

"अगदी आमच्यासारखं," विजयालक्ष्मी म्हणाली. "माझी लेक मात्र विसरली हे सगळं. काल म्हणाली, आई, पोळी? मी म्हटलं नको. डबा बंद. डॉक्टर झाली म्हणून काय झालं, आईला एवढी कोरडी वागणूक?"

घरी जाऊन तिनं हे इरावतीलाही ऐकवलं. इरावती म्हणाली, "हवी असेल तर हवी म्हण ना आई." विजयालक्ष्मी म्हणाली, "चाळिशीला आलीस तरी तुला 'नको' कळेना." त्या दिवसापासून इरावती न विचारता पानात पोळी टाकायला लागली.

लॉइड अमेरिकेला जायचा ते वर्षाआड. तिकडच्या त्याच्या गोष्टी ऐकायला विजयालक्ष्मीला फार मौज वाटे. "इथं मी अजून यँक," तो म्हणे. "बाजारात माझ्या मागं म्हणतात, तो यँक, ब्रीडचा. आणि तिकडे माझ्याच गावच्या खानावळीत वाढणारी पोरगी म्हणते, आजोबा, तुमचं बोलणं किती गोड, कुठल्या देशातले? मी म्हणतो, मागच्या गल्लीतला." तिकडचे रस्ते त्याला आता रुंद वाटत, घरं विरळ वाटत. एकदा तो तिकडच्या दुकानात फावडं घ्यायला गेला. दुकानदारानं फावडं दिलं. "इथं फावडं मागायच्या आधी पाऊस झाला पाहिजे, त्याच्या आईचे गुडघे झाले पाहिजेत, कोण वारलं ते झालं पाहिजे, मग शेवटी जाता जाता, अरे हो, एक फावडं. तिकडे मी फावडं घेऊन बाहेर उभा राहिलो आणि मला वाटलं, याला माझा कशाचा राग आला असावा."

गावी त्याची थोरली बहीण होती, आर्लीन. लग्न केलेलं नाही, आईबापाच्याच घरात राहणारी. लॉइड गेला की तिच्याकडेच उतरायचा. एकदा तिनं त्यांच्या आईच्या हातचा असायचा तसा ॲपल पाय, सफरचंदं भरून भाजलेलं गोड, केला. विचारलं, देऊ? लॉइड म्हणाला, नको गं, मी ग्रँड आहे. कासलबारमध्ये ग्रँड म्हणजे सगळं काही, बरं आहे, चालेल, रडू येतंय, अजून वाढ, सगळं. आर्लीननं ताटलीवर झाकण घातलं आणि दुसऱ्या दिवशी तो पाय शेजाऱ्यांना देऊन टाकला.

"म्हणजे माझे बटाटे आणि तुमचा पाय," विजयालक्ष्मी म्हणाली, "एकाच वाटेनं गेले."

लॉइड हसला, पण हसणं लवकर विझलं.

"शेवटचं कधी गेलात?"

"एकोणीस साली."

"त्यानंतर करोना. पण आता विमानं चालू झाली की ओ."

"झाली," लॉइड म्हणाला, आणि उठून कप धुवायला लागला.

दर शनिवारी सकाळी तो ब्रीडच्या कबरीवर जायचा. ऑक्टोबरात एकदा विजयालक्ष्मी त्याच्याबरोबर गेली. पाऊस नव्हता, पण हवेत ओल होती आणि दगडांवर शेवाळ धरलं होतं. लॉइड गुडघ्यावर बसून दगड घासत होता. त्याला खाली-वर होताना त्रास होतो हे सिस्टरच्या डोळ्यांना दिसलं, म्हणून तिनं हातातला ब्रश काढून घेतला आणि स्वतः घासायला लागली. आपल्याकडे माणूस जळून पाण्याला मिळतो, मागं घासायला काही राहत नाही. पण ओटा घासायची सवय कुठंही कामाला येते.

"हे सोडून कुठं जाणार," लॉइड म्हणाला. "म्हणून बरंच झालं. आर्लीननं विचारलं होतं मला. मनापासून विचारलं नव्हतं, ते बरं झालं."

विजयालक्ष्मीचा हात थांबला. "काय विचारलं होतं?"

त्यानं सांगितलं. ब्रीड गेल्यावर तो पहिल्यांदा गावी गेला होता तेव्हाची गोष्ट. दोघं बहीणभाऊ घरासमोरच्या पडवीत बसले होते. आर्लीन रस्त्याकडे बघत म्हणाली, लॉइड, तुझी खोली रिकामीच आहे. तिकडे एकटा राहून काय करतोस, घरी ये.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, छे गं, तुला माझी अडचण कशाला."

"आणि ती?"

"ती म्हणाली, बरं. उठून आत गेली. मी अजून आठवडाभर होतो, तिनं पुन्हा विषय काढला नाही. भावाची बायको गेली, विचारावं लागतं, म्हणून विचारलं. आता दर रविवारी फोन करतो. ती म्हणते थंडी आहे, मी म्हणतो पाऊस आहे. संपलं."

विजयालक्ष्मीनं ब्रश खाली ठेवला.

"लॉइडअण्णा, एक विचारते. तुम्हाला जायचं होतं का?"

तो ब्रीडच्या नावाकडे बघत राहिला. एका कावळ्यासारख्या पक्ष्यानं भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मग म्हणाला, "हो."

"आणि तिनं पुन्हा विचारावं म्हणून वाट बघत बसलात."

"हो."

"पायच्या वेळी तिनं पुन्हा विचारलं होतं का?"

लॉइडचा चेहरा बदलला. "पायची गोष्ट वेगळी. मी तिचा भाऊ आहे."

"ती तुमच्या वडिलांच्या घरात वाढली, तिथंच म्हातारी झाली. तिला नाही म्हणजे नाही एवढंच ठाऊक. तुम्ही तिला ब्रीडताईंच्या गावचं 'नाही' ऐकवलंत. तिनं ते आपल्या गावचं म्हणून ऐकलं."

"तिला मी हवा असतो तर तिनं विचारलं असतं," लॉइड जरा मोठ्यानं म्हणाला. "माणसाला कळतं."

"तुम्हाला कळलं का, तिला काय वाटलं ते?"

त्यानं टोपी घातली आणि चालायला लागला. विजयालक्ष्मीनं आल्या आल्या डोक्यावरून आंघोळ केली. इरावती म्हणाली, "आई, अगं थंडीत कशाला, ते काही आपल्यासारखं स्मशान नाही." पण विजयालक्ष्मीला त्या दिवशी पाणी हवंच होतं.

पुढचे काही दिवस शेवटच्या घराचा पडदा उघडला नाही. विजयालक्ष्मी दुपारी खिडकीशी उभी राहायची. परक्याच्या घरच्या गोष्टीत तोंड घातलं, चूक झाली असं तिला एकदा वाटे, आणि एकदा वाटे, जखम बघितल्यावर सिस्टरनं गप्प कसं बसावं. इरावतीनंही सुनावलं. "इथं लोक एवढं आत शिरत नाहीत आई. तो माणूस तुझ्याशी मोकळा झाला तर तू त्याला उलटतपासणीलाच घेतलंस."

"म्हातारा तिथं थंडीत बसून बहिणीच्या नावानं झुरतोय, बहीण तिकडे त्याच्या नावानं. दोघांचं वय काय, आणि अजून किती दिवस रीत पाळत बसणार?"

"तिचं तुला काय माहीत? तिला खरंच नको असेल तो."

विजयालक्ष्मीच्या मनातही तीच भीती होती. नको असेल, तर आता विचारून म्हाताऱ्याच्या हातात होता तो रविवारचा फोनही जाणार.

रविवारी दुपारी दार वाजलं. लॉइड उभा होता, हातात तिचा स्टीलचा डबा. डबा जड होता. आत त्यानं स्वतः भाजलेला गव्हाचा पाव होता.

"रिकामा डबा परत करू नये, ब्रीड म्हणायची," तो म्हणाला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "आज फोनचा वार. तुम्ही येऊन बसाल का जरा?"

विजयालक्ष्मीनं भाजलेल्या शेंगदाण्यांची परात काखेत मारली आणि निघाली. चटणीसाठी सालं काढायची होती, आणि हात रिकामे असले तर ती मधे बोलेल अशी तिची तिलाच धास्ती होती.

लॉइडनं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडून बाईचा कोरडा, ठाम आवाज आला.

"लॉइड."

"आर्लीन. कशी आहेस?"

"आहे. इकडे थंडी."

"इकडे पाऊस." थांबला. शेंगदाण्यांची सालं परातीत पडत राहिली. "आर्लीन, मी म्हटलं, म्हणजे सहज मनात आलं, कधीतरी जमलं तर, तुला अडचण होत नसेल तर, चार दिवस, म्हणजे नक्की असं काही नाही."

"तुला जमेल तसं कर," आर्लीन म्हणाली.

"बरं."

"बरं."

लॉइडनं विजयालक्ष्मीकडे पाहिलं. झालं बघा, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. विजयालक्ष्मीनं हातातले दाणे परातीत टाकले.

"अण्णा, हे काय विचारणं झालं? सरळ सांगा की ओ."

"कोण बोलतंय?" पलीकडून आवाज आला.

"शेजारीण आहे. मिसेस विजया. इंडियाच्या."

"तिला काय हवंय?"

आता विजयालक्ष्मीला राहवेना. ती फोनकडे वाकली आणि वॉर्डात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मी विजयालक्ष्मी, रिटायर्ड स्टाफ नर्स. तुमच्या भावाच्या दुखतंय छातीत आणि हा गुडघा दाखवतोय. जरा थांबा, सांगेल." आणि लॉइडला म्हणाली, "तुमच्या वडिलांशी बोलायचात तसं बोला."

लॉइडनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"आर्लीन, तू मला घरी ये म्हणालीस तेव्हा मी नाही म्हणालो. माझ्या मनात 'नाही' नव्हतं."

फोन बंद झाला की काय म्हणून विजयालक्ष्मीनं वाकून पाहिलं.

"मग नाही कशाला म्हणालास?" आर्लीननं विचारलं.

"इथं तसं म्हणतात. मला वाटलं तू परत विचारशील."

"मी विचारलं होतं ना."

"हो. एकदा."

"किती वेळा विचारायचं असतं? मोठा माणूस आहेस तू. मला वाटलं, ब्रीडला सोडून यायचं नाही तुला, आणि मी वेड्यासारखं विचारून बसले. त्या दिवशी आत जाऊन मी एकच पातेलं किती वेळ घासलं."

"ब्रीडचं पण होतं मनात."

"आणि आता?"

"आता मला यायचंय, आर्लीन. मला घरी यायचंय."

पलीकडे नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. मग आर्लीन म्हणाली, "तुझ्या खोलीत मी शिवणाचं मशीन ठेवलंय. ते हलवावं लागेल."

"मी आलो की हलवीन."

"तू हात लावू नकोस. तुझी पाठ. शेजारच्याला सांगते मी." जरा थांबून म्हणाली, "थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी ये. नंतर रस्त्यावर बर्फ असतो."

फोन ठेवल्यावर लॉइड उठला नाही. विजयालक्ष्मीनं पाणी ठेवलं, चहा केला, साखर जास्त घातली. कप पुढं ठेवला तेव्हा त्यानं तिचा हात धरला, कपाळाला लावल्यासारखा केला आणि सोडून दिला. परातीत दाण्यांपेक्षा सालंच जास्त दिसत होती.

पुढचे दिवस आवराआवरीचे. घर ब्रीडच्या पुतण्यानं सांभाळायचं ठरलं. कपडे देवदत्तनं बॅगेत दाबून बसवले. एक गोष्ट मात्र लॉइड शेवटपर्यंत बोलेना, म्हणून विजयालक्ष्मीनंच काढली.

"कबरीची काळजी करू नका. दवाखान्याच्या वाटेवरच आहे, इरावती जाईल. मी येईन तेव्हा मी जाईन."

"छे, तिला कामं काय कमी आहेत. राहू द्या."

"हे कितवं नाही?" विजयालक्ष्मीनं विचारलं.

लॉइडनं मान खाली घातली. "पहिलं," म्हणाला.

"मग ठरलं."

इरावती आत कपड्यांच्या घड्या करत होती, ती बाहेर आली. आईनं परस्पर काम गळ्यात मारलं म्हणून ती रागावेल असं विजयालक्ष्मीला वाटलं होतं. पण इरावती लॉइडला म्हणाली, "मला तिथलं सगळं दाखवून द्या जायच्या आधी. कुठली फुलं आवडायची त्यांना तेही सांगा." आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून ती त्याच्याबरोबर जाऊन आली. परतली तेव्हा तिच्या बुटांना चिखल होता आणि तिनं बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आई, तू सोलापुरात एकटी असतेस." विजयालक्ष्मी म्हणाली, "शेजारपाजार आहे की." इरावती म्हणाली, "मी परत विचारणार आहे हं हे." विजयालक्ष्मीनं राजसचं टोपडं सारखं केलं.

लॉइड नोव्हेंबरात निघाला. देवदत्त त्याला डब्लिनच्या विमानतळावर सोडणार होता. निघताना विजयालक्ष्मीनं त्याच्या हातावर चमचाभर दही-साखर घातली. त्यानं काही न विचारता तळहात चाटून घेतला आणि लहान मुलासारखा रुमाल शोधायला लागला. निहारिका फाटकापर्यंत गेली आणि तिथल्या सुरात त्याला काहीतरी म्हणाली. त्यावर तो हसला. गाडी वळणावरून गेली. पंधरा दिवसांनी विजयालक्ष्मीही सोलापूरला परतली.

त्यानंतर फोन यायचे, कधी कासलबारला, कधी सोलापूरला. सुरुवातीला लॉइडच्या तक्रारी असत. दुकानात कुणी बोलत नाही, शेजारी वारला तर लोक घरी न येता कार्ड पाठवतात, मातीला गेलो तर लवकर परत आले सगळे. मग तक्रारी कमी झाल्या. बहीणभाऊ सकाळी पडवीत कॉफी घेत, दुपारी पत्ते खेळत. आर्लीन पत्त्यात खोटं खेळते असं तो म्हणे, आणि मागून आर्लीन म्हणे, हा फार खातो. एकदा ती स्वतःच फोनवर आली आणि म्हणाली, "नर्स, माझ्या पायांना सूज येते संध्याकाळी, त्याचं काय?" विजयालक्ष्मीनं सगळं नीट विचारून घेतलं, पाय उशीवर ठेवायला सांगितलं, आणि डॉक्टरकडे याच आठवड्यात जा म्हणून बजावलं. आर्लीन गेली. हृदय थकलं आहे असं निघालं. औषधं सुरू झाली. लॉइडनं तिच्या गोळ्या, तिचं मीठ, तिचं वजन सगळं आपल्या अंगावर घेतलं. पुढचा उन्हाळा तिनं पडवीत काढला, त्याच्या पुढचाही.

राजसच्या दुसऱ्या वाढदिवसाला विजयालक्ष्मी पुन्हा कासलबारला आली, ती दिवाळी करून जाणार होती. दिवाळी होऊन आठवडा झाला आणि एका संध्याकाळी लॉइडचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून हातात घेतानाच तिला कळलं.

तो सावकाश, सरळ बोलला. विजयालक्ष्मीनं ऐकून घेतलं. शेवटी तिनं विचारलं, "अण्णा, जेवण कोण आणतंय?"

"शेजाऱ्यांनी आणलंय. फ्रिजमध्ये जागा नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग थोडं खाऊन घ्या."

त्या संध्याकाळी तिनं इरावतीकडे पिठलं-भाकरी केली. दुःखाच्या घरी आपलं माणूस हेच घेऊन जातं. न्यायला घर समुद्रापलीकडे होतं, म्हणून सगळ्यांनी ते तिथंच खाल्लं.

आर्लीन दोन हजार चोवीस साली नोव्हेंबरच्या आठ तारखेला, शुक्रवारी पहाटे, आपल्या घरात, आपल्या बिछान्यावर वारली. तिचं वय ब्याऐंशी होतं. लॉइड तिच्याजवळ बसलेला होता.